तुटक रेषांमधली जागा

गाडीसाठी मोठे टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप, विकत घेणं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग होता. भाच्याने तो पर्वरीच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पडल्या पडल्या फोनवरून उरकला. यथावकाश परदेशातून खोकं आलं, त्यावरची कस्टम ड्युटी भरली गेली (किती, ते त्याने आपल्या आईला म्हणजे माझ्या बहिणीला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही), आणि एका रविवारी खोकं काखेत मारून तो साखळीला माझ्या दारात उभा. "मामा, आत ड्रॉइंग आहे. तू जरा बघ ना."

माझी सगळी नोकरी झुआरीच्या काठी बार्ज बांधणाऱ्या एका यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून गेली. गाड्यांचं मला फारसं वेड नाही. पण ड्रॉइंग म्हटलं की हात आपोआप चष्म्याकडे जातो.

खोक्यातला माल देखणा होता, यात वाद नाही. अॅल्युमिनियमचं गुळगुळीत कवच, आत एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेलं चाक, पात्यांच्या कडा बोट लावायला भीती वाटावी इतक्या पातळ. सोबतच्या कागदावर ठळक लिहिलेलं: थेट बसतात, काही कापावं लागत नाही. ते वाक्य खोटं नव्हतं. ज्या गाडीवर मापं घेतली, त्या गाडीत ते थेट बसतातच. फक्त ती गाडी डाव्या हाताच्या स्टेअरिंगची होती.

भाच्याची गाडी जर्मन, दोन दारांची, दुसऱ्या हाताने घेतलेली. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. पुढच्या तिघांचा धूर एका टर्बोत जातो, मागच्या तिघांचा दुसऱ्यात. मूळचे टर्बो कंपनीने मुद्दाम लहान ठेवले आहेत. लहान चाक हलकं असतं, लवकर वेग घेतं, त्यामुळे पाय दाबल्याबरोबर गाडी उठते. वरच्या आरपीएमला मात्र त्यांचा दम संपतो, आणि भाच्याला नेमका तिथला दम हवा होता. मोठं चाक म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येणार. हिशेब एवढाच. धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक इंजिनात हवा कोंबतं, आणि हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. धुराकडचं टोक ९०० अंशांच्या आसपास तापतं, हवेकडचं टोक त्यामानाने बरंच थंड, आणि दोघांच्या मधे जेमतेम वीतभर अंतर.

ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याची, १९०५ सालच्या पेटंटातली. तिचा मोठा उपयोग आधी झाला तो जहाजांवर. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडावं लागलं. म्हणजे आमच्या जलवाहतुकीच्या धंद्यातली ही वस्तू गाडीवाल्यांनी नंतर उचलली, हे मी भाच्याला दर भेटीत ऐकवतो. जहाजाचं एक बरं असतं, तिथे जागा असते.

टर्बो बसवायचे ते गॅरेज साखळी-डिचोली रस्त्याला लागून. तिथला मेस्त, म्हणजे मिस्त्री, हा खाणींच्या भरभराटीत टिपर ट्रकांचे टर्बो उघडून तयार झालेला माणूस. खनिजाची तांबडी धूळ एअर फिल्टर फाटला की थेट चाकावर जाते आणि पाती वाळूच्या कागदाने घासल्यासारखी झिजवते. ड्रायव्हरने घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं. असे टर्बो त्याच्या हाताखालून किती गेले, त्याची गणती त्यालाच नसेल. २०१२ साली खाणी थांबल्या, टिपर दारोदारी गंजत उभे राहिले, आणि मेस्त हळूहळू मोटारींकडे वळला. त्याने भाच्याचा टर्बो हातात घेतला, दांड्याचं टोक बोटाने बाजूला ढकललं, मग पुढे-मागे ओढून पाहिलं. बाजूला किंचित खेळ चालतो, तेल भरलं की दांडा त्या फटीत तरंगतो. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका खेळ असता कामा नये. मग वाकून इंजिनाच्या उजव्या अंगाला बराच वेळ बॅटरी मारली आणि म्हणाला, "बसतलो. पूण थंय पावतलो कसो?" (बसेल, पण तिथे पोहोचणार कसा?)

या प्रकरणात मला जे काही सांगायचं आहे ते त्याने तिथेच सांगून टाकलं होतं.

बार्जच्या इंजिनरूमचं ड्रॉइंग करताना आम्ही दोन तऱ्हेच्या रेषा काढायचो. अखंड रेषा म्हणजे लोखंड, इंजिन, टाकी, पाइप, जे काही खरोखर तिथे असणार ते. तुटक रेषा म्हणजे जिथे काहीही असता कामा नये ती जागा. इंजिनाच्या डोक्यावर एक तुटक चौकोन हमखास असायचा: पिस्टन वर खेचून काढायला लागणारी उंची. फिल्टरसमोर एक, झाकण उघडून काडतूस बाहेर ओढायला. पंपाशेजारी एक, माणसाने ओणवं होऊन पाना फिरवायला. नवशिके इंजिनिअर ड्रॉइंग बघून म्हणायचे, इथे एवढी रिकामी जागा आहे, केबल इथूनच नेऊ. ती रिकामी नसते हे त्यांना पहिल्या ओव्हरहॉलच्या वेळी कळायचं, जेव्हा पिस्टन काढण्यासाठी डेक कापायची पाळी यायची.

मोटारीच्या बोनेटखाली असे तुटक चौकोन खचाखच भरलेले असतात, फक्त ते कुणी आपल्याला दाखवत नाही. दोन वस्तूंमधली दोन बोटं फट दिसली की कंपनीने जागा वाया घालवली असं वाटतं. त्या फटीत इंजिनाचं हलणं असतं, तापून वाढणारं लोखंड असतं, वारा असतो आणि शेवटी मेकॅनिकचा हात असतो. मोठा टर्बो या सगळ्यांची जागा खातो. खोक्यातलं ड्रॉइंग मी नीट वाचलं. मापं चोख होती, सगळ्या रेषा अखंड होत्या.

आता स्टेअरिंगचं. या इंजिनात हवा आत घेणारी बाजू डावीकडे आणि धूर बाहेर टाकणारी उजवीकडे. जर्मनीत, अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा हवेच्या थंड बाजूने खाली उतरतो. उजवी बाजू धुराची नळी आणि टर्बो यांना जवळजवळ आंदण. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून दांडा बरोब्बर टर्बोंच्या अंगाला घासून जातो. मूळचे लहान टर्बो असताना कंपनीने मधे पत्रा घालून हा संसार जमवला होता. (पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा गोव्यात मात्र ती डावीच राहिली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता. तेव्हा गोव्यानेही बाजू बदलली असती तर १९६१ नंतर सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यावर काय मजा झाली असती, असं मनात येतं. भाच्याची अडचण मात्र तरीही सुटली नसती.)

मेस्ताने आधी जुने टर्बो उतरवले. त्यातच बराच वेळ गेला. खाऱ्या हवेने धुराकडचे स्टड असे धरले होते की दोन तुटून हेडमध्येच राहिले. तुटलेल्या बुंध्यावर नट ठेवून त्याने आतून वेल्डिंगचा टाका मारला, लाल झालेला स्टड निवू दिला, आणि पाना लावून बुचासारखा उलगडून काढला. हे त्याचं रोजचं काम, त्यात तो बोललासुद्धा नाही.

मग नवीन टर्बो नुसता टेकवून बघितला. स्टेअरिंगचा दांडा आणि कवच यांच्यात सहा मिलिमीटर फट. भाचा खूश. मेस्ताने पोराला शेजारच्या चित्रशाळेत पिटाळून चवथीची चिकणमाती आणवली, तिची लिंबाएवढी गोळी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून त्या फटीत दाबली, बोल्ट आवळले आणि भाच्याच्या हातात टॉमी (लोखंडी दांडी) दिली: इंजिन दोन्ही बाजूंना जोर लावून हलव. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पाय दाबला की ते एका अंगाला कलतं, पाय सोडला की परत येतं, आणि ताकद वाढवली की कलणंही वाढतं. गोळी बाहेर काढून मेस्ताने तिचे ब्लेडने दोन तुकडे केले. सर्वात पातळ जागी माती तीन मिलिमीटर भरली.

तीनही वाईट नाही, असं भाच्याचं म्हणणं. तेव्हा मी कागद ओढला. स्टेनलेस स्टीलची ३०० मिलिमीटर लांबीची नळी गार असताना जेवढी असते, त्याहून ८०० अंशांना सुमारे चार मिलिमीटर लांब होते. ही वाढ दांड्याच्या दिशेने झाली तर तीनातून चार गेले. उरलं काय, ते सांगायला ड्राफ्ट्समन लागत नाही. शिवाय दांड्याच्या सांध्याला तेवढ्या जवळून धग लागत राहिली तर त्यातलं ग्रीस किती टिकेल हा वेगळाच प्रश्न. आणि अडकणारी वस्तू वायपर नव्हती, स्टेअरिंग होती.

लोक इथे काय करतात ते मला माहीत आहे. ग्राइंडर घेतात आणि कवचाचा बाहेरचा गाल घासून काढतात. मेस्ताने ते साफ नाकारलं. त्याने नळीच कापली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कारखान्यांच्या स्टेनलेस नळ्या जोडणारा एक वेल्डर त्याच्या ओळखीचा. या मंडळींची टिग वेल्डिंगवर हुकमत असते, कारण औषधाच्या नळीत आतल्या बाजूलाही खडबडीत शिवण चालत नाही. त्यासाठी ते नळीच्या आतूनही आर्गन वायू सोडतात. त्याने धुराची नळी कापून, काही अंशांनी खाली वळवून पुन्हा जोडली. शिवण बघून माझ्यातला जुना यार्डवाला सुखावला. एकावर एक सरकवलेली नाणी असावीत तशी ओळ, कुठे काळा डाग नाही. दांड्यापासूनचं अंतर आता पंधराच्या घरात गेलं, मधे पत्राही मावला.

दांडा सुटला आणि तेल अडलं.

टर्बोच्या पोटात तेल वरून दाबाने जातं, पण खाली उतरताना त्याच्यामागे कुणी नसतं. ते आपल्या वजनाने उतरतं, आणि तेही फेस होऊन. म्हणून वरची तेलाची नळी करंगळीहून बारीक चालते आणि खालची अंगठ्याएवढी लागते. तिला सरळ खाली उतार हवा, फार तर तीसेक अंशांचा कल खपतो. नळी वळवल्यामुळे टर्बो थोडा फिरला होता आणि निचऱ्याची नळी इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटला वळसा घालून जायला लागली होती. त्या वळणात एका जागी ती आडवी होत होती, बोटभरच. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. छपराला ढाळ कमी दिला की आषाढात पाणी पन्हळीने न जाता वळचणीने घरात येतं. इथेही तेच. गाडी सुरू केली, दोन-तीन मिनिटं झकास चालली, आणि मग सायलेन्सरमधून निळा धूर. खाली उतरायला वाट नाही म्हटल्यावर तेल सीलमधून धुराच्या बाजूला घुसलं होतं.

नवा टर्बो, म्हणजे सील खराब आलं, परत पाठवू, असा भाच्याचा ताबडतोब निष्कर्ष. पुष्कळ चांगले टर्बो या एका गैरसमजापायी परत जात असावेत. टर्बोचं सील हे नळाच्या वायसरसारखं पाणी अडवणारं नसतंच. ती खाचेत बसवलेली धातूची कडी असते, आणि तिच्या आतलं तेल वेळेवर निघून जाईल या भरवशावर सगळी रचना असते. मेस्ताने नळी खालून सोडली तर आत तेल साचून उभं होतं. त्याने मधलं अंग मोकळं केलं, दोन्ही कवचं जागच्या जागी ठेवून नुसता तो भाग फिरवला, म्हणजे निचऱ्याचं तोंड पुन्हा जमिनीकडे आलं. मात्र ते फिरवल्याबरोबर पाण्याच्या नळ्यांची तोंडं फिरली, आणि वेस्टगेटची, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, दांडी तिच्या ब्रॅकेटला टेकली. ती वाकवली. तिच्यामुळे पलीकडचा होजपाइप... असो. एकाला सरळ बसवलं की शेजारी उठतो, हे चार-पाच घरं पुढे सरकत गेलं आणि शेवटी कूलंटच्या टाकीपाशी थांबलं.

तेलाच्या वरच्या नळीने वेगळंच सोंग काढलं. सोबत आलेलं जोडणीचं तोंड गाडीच्या बाजूला पुरेना, म्हणून एक जादा तुकडा हवा होता. भाचा हार्डवेअरच्या दुकानातून एक अष्टमांश इंचाचं निपल, म्हणजे आटे असलेला नळीचा तुकडा, घेऊन आला. दोन आटे छान गेले, मग जाम. टेफ्लॉन टेप गुंडाळून जोर लावू, म्हणाला. मेस्ताने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. खोक्यातलं तोंड अमेरिकन एनपीटी आट्यांचं, आपल्या दुकानात मिळतं ते ब्रिटिश बीएसपी. एक अष्टमांशच्या मापात पहिल्याला इंचाला २७ आटे, दुसऱ्याला २८. पहिल्याचा कोन ६० अंशांचा, दुसऱ्याचा ५५. डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडं दिसतात. टेप लावून आवळलं तर गार असताना गळणारही नाही. तापलं, थरथरलं की थेंब सुटेल, आणि तो थेंब ज्या कवचावर पडेल ते लालबुंद असेल. या गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या येतात तेव्हा इंजिनाला दोष देतात. मला हल्ली त्यामागे कुठेतरी पांढरी टेप दिसते.

बरोबर आट्यांचा तुकडा वेर्ण्याच्याच एका हायड्रॉलिकवाल्याकडे मिळाला, अगदी किरकोळ किमतीत.

तो आवळायचा होता टर्बो आणि भिंत यांच्या मधे, जिथे बोल्ट दिसतो आणि पाना जात नाही. मेस्ताने एक पत्र्याचा डबा काढला. आत सगळे कापलेले, तापवून वाकवलेले, घासून पातळ केलेले पाने. प्रत्येक पाना कुठल्यातरी एका गाडीच्या एकाच बोल्टसाठी केलेला. बरेचसे टिपरचे, आता वर्षानुवर्षं न लागलेले. त्यातला एक त्याने उचलून बोल्टाशी धरून पाहिला, मान हलवली, आणि चौदा नंबरचा नवाकोरा रिंग पाना ग्राइंडरवर धरला. त्याचा अर्धा दांडा गेला, मान वाकली, बाहेरची भिंत नखाएवढी उरली. एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा तो फिरे, मग काढून पुन्हा लावायचा. माझ्या मते त्या डब्यात या तालुक्यातल्या सगळ्या तुटक रेषा जमा आहेत. कुठल्या गाडीच्या ड्रॉइंगमध्ये कुणाचा हात राहून गेला, त्याची ती नोंद आहे.

कायद्याचं सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांत कुणीतरी उत्साही असणारच. मूळ बनावटीत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. भाच्याची गाडी आता ट्रेलरवरून कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर जाते आणि ट्रेलरवरूनच परत येते. गोव्याच्या रस्त्यांवर ही ताकद वापरायला तशीही जागा नाही. पणजीचा अटल सेतू सोडला तर पुढच्या वळणावर एकतर गाय असते नाहीतर भाड्याच्या स्कूटरवरचा पर्यटक. ट्यूनिंगबद्दल, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या फेरजुळणीबद्दल, मी लिहीत नाही. तो भाग लॅपटॉपवर झाला आणि त्यात माझ्यासारख्याला बघण्यासारखं काही नव्हतं.

एक मात्र मला पटलंय. कंपनीने लहान टर्बो घातला तो कंजूषपणाने नव्हे. बसवणारा हात, बदलणारा हात, पावसात आणि उन्हात वर्षं काढणारं रबर, आणि चालवणाऱ्याची सवय, हे सगळं धरून त्यांनी माप ठरवलेलं असतं. चालवणाऱ्याची सवय धरली नाही तर काय होतं, त्याचा दाखला १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने घालून दिला. मोटारीतल्या अगदी पहिल्या टर्बोंपैकी हा एक. त्याला पाणी आणि मेथनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक ते भरायचं विसरत. पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढूनच टाकले गेले. कारखान्यात बसवलेला, मापात चोख असलेला टर्बो माणसात बसला नाही.

भाच्याला हे सांगून उपयोग नाही, कारण गाडी आता खरोखरच छान चालते, आणि त्यामुळे त्याला पुढचं सुचलंय. दाबलेली हवा तापते, म्हणून मोठा इंटरकूलर. मेस्ताने या वेळी अट घातली: खोकं मागवायच्या आधी गाडी आण, पुढचा बंपर उतरवू, आणि मामाला पेन्सिल घेऊन बोलाव. गेल्या रविवारी जाऊन आलो. बंपरमागचा आडवा लोखंडी पट्टा, रेडिएटरचा पंखा, हॉर्न, सगळं अखंड रेषेत कागदावर घेतलं. तुटक रेषेत सगळ्यात आधी टोचनाच्या हुकाची जागा काढली. ट्रॅकवर गाडी बंद पडली तर ओढायचा दोर तिथेच लागणार आहे.